कोठारापासून झोळीपर्यंत : बिदर-कलबुर्गीची दानपरंपरा

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांचा इतिहास सांगताना बहुधा किल्ले, राजधान्या आणि लढाया यांचेच वर्णन होते. परंतु मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसे येथे शतकानुशतके शेजारी म्हणून कशी नांदली, याचे उत्तर दरबारापेक्षा दानधर्मात शोधावे लागते.

बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही तत्त्वे सांगितली. श्रमाने मिळवावे आणि सेवाभावाने समाजास द्यावे; देणाऱ्याने अभिमान बाळगू नये, हा दासोहाचा अर्थ. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी (1746–1822) तोच अन्नदानाच्या रूपाने आचरणात आणला. त्याच नगरीत 1422 मध्ये देह ठेवलेल्या ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात हिंदू भाविकही नवस फेडावयास येतात.

बहामनी वजीर महमूद गावान याने 1472 च्या सुमारास बिदरला मदरसा उभारला व त्यास मोठा ग्रंथसंग्रह जोडला. राजकार्याचा आणि गोरगरिबांचा असे दोन वेगळे खजिने तो ठेवी, असे फिरिश्ता नोंदवतो. याच बिदरशी दामाजीपंतांची कथा निगडित आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचे सरकारी कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी खुले केले आणि त्या धान्याचे मोल विठ्ठलाने महाराच्या वेषात बादशहापुढे भरले, असे लोकपरंपरा सांगते. ही आख्यायिका खरी. पण परवानगीवाचून दिलेल्या धान्याचा हिशेब कोणीतरी चुकता करावाच लागतो, हे तिने विसरू दिले नाही.

गाणगापूरला हा धर्म घरोघरी उतरला. नृसिंहसरस्वती माध्यान्ही भिक्षेस येतात, या श्रद्धेने तेथे भाविक झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागतात. एरवी देणारा सधन गृहस्थही तेथे मागणारा होतो. हुमनाबादजवळील माणिकनगरात माणिकप्रभूंनी (1817–1865) सकलमत संप्रदायाद्वारे सर्व पंथांस आदराचे स्थान दिले. तेथील भांडारखाना अन्नदानासाठी प्रसिद्ध आहे. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारात लंगरच्या पंगतीस जातपात विचारली जात नाही. अष्टूरला अहमदशहा वली बहामनीच्या कबरीवरील उरुसात मुसलमानांबरोबर लिंगायत भाविकही सहभागी होतात.

तथापि या परंपरेचे केवळ गुणगान करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी हा प्रदेश होरपळला, आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर येथील मुसलमानांवर भीषण आघात झाले. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक पीडित जिल्ह्यांत बिदर व गुलबर्गा यांची नावे आहेत. एका पंगतीची सवय त्या दिवसांत पुरेशी ठरली नाही. मात्र त्याच अहवालात जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. विणकरांमधील बंधुभावाचा तर त्यात विशेष उल्लेख आहे. एकाच धंद्यात घाम गाळणाऱ्यांनी एकमेकांस ओळखले होते. कायकातून दासोह उपजतो, याचा याहून कठोर दाखला सापडणे अवघड.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि भाषेचा वाद उभा राहिला. तरीही मधुकरी घालणारा हात झोळीची भाषा विचारीत नाही. वर्गणी, देणगी आणि ग्रंथदान यांवर उभ्या राहिलेल्या मराठी ग्रंथालयांचे नातेही याच परंपरेशी आहे. ज्ञानाचे कोठार दार उघडे असेल तरच कोठार. कुलूप लागले की ती नुसती साठवण. शंभर वर्षांच्या वाटचालीनंतर सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी जपावयाचे आहे ते हे उघडे दार.