डहाणू व तलासरी तालुक्यांतील नोकरभरती आणि निवडीनंतरचा पाठपुरावा

निवडीनंतरचा पाठपुरावा म्हणजे मुलाखत, लेखी परीक्षा किंवा कागदपत्र पडताळणी झाल्यावर उमेदवाराने निकाल, नियुक्तिपत्र व रुजू होण्याची तारीख यांविषयी नियोक्त्याकडे केलेली रीतसर विचारणा होय. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. त्यामुळे येथे या विचारणेची दोन अगदी भिन्न रूपे आढळतात. खासगी कारखान्यातील नोकरीबाबत ती बहुधा थोड्या दिवसांत आटोपते. अनुसूचित क्षेत्रातील शासकीय पदांबाबत मात्र २०२३ च्या भरतीनंतर ती न्यायालय व मंत्रालयापर्यंत गेली.

पार्श्वभूमी

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि तालुक्यातील उद्योगांसाठीची जमीन कमाल ५०० एकरांपुरती मर्यादित केली. साहजिकच कारखान्यातील कामासाठी येथील तरुणांना तालुक्याबाहेर पाहावे लागते. दक्षिणेस बोईसरजवळची तारापूर औद्योगिक वसाहत, तर उत्तरेस गुजरात हद्दीतील उंबरगाव, सरीगाम व वापी ही जवळची केंद्रे आहेत. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेट–डहाणू रोड उपनगरी सेवा सुरू झाल्यावर विरार व मुंबईकडील नोकऱ्याही आवाक्यात आल्या. तरीही तलासरीच्या पाड्यावरून मुलाखतीस जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि निकाल विचारण्यासाठी पुन्हा जाणे म्हणजे दुसऱ्या दिवसाची.

खासगी नोकरीतील रीत

मुलाखत संपताना निकाल केव्हा व कोणाकडून कळेल हे विचारून घेणे, सांगितलेली मुदत उलटल्यावर दूरध्वनी किंवा संदेशाद्वारे एकदा विचारणा करणे आणि निवड झाल्यास वेतन व रुजू होण्याची तारीख लेखी मागणे, एवढीच ही रीत आहे. संदेशात पदाचे नाव व मुलाखतीची तारीख असावी लागते. मोठ्या कारखान्यांत बरीच कामे कंत्राटदारामार्फत दिली जातात. अशा वेळी कारखाना हा 'मुख्य मालक' ठरतो, तर कामावर घेणारा कंत्राटदार असतो. म्हणून विचारणा कंत्राटदाराकडे करावी लागते. फाटकावरील सुरक्षारक्षकाकडे चौकशी करून सहसा काही निष्पन्न होत नाही.

पेसा क्षेत्रातील पदभरती

राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून ९ जून २०१४ रोजी काढलेल्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक इत्यादी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली. पुढे या व्यवस्थेत एकूण १७ संवर्ग धरले जाऊ लागले. 'स्थानिक' ठरण्यासाठी उमेदवाराच्या कुटुंबाचे २६ जानेवारी १९५० पासून संबंधित जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सलग वास्तव्य असावे लागते. त्यामुळे जात वैधता प्रमाणपत्राबरोबरच आजोबांच्या काळातील वास्तव्याचा पुरावा शोधणे हाही येथील उमेदवाराच्या पाठपुराव्याचा भाग बनतो.

२०२३ मध्ये राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ पदांची भरती जाहीर झाली व परीक्षाही पार पडली. परंतु पेसा आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने पालघरसह १३ जिल्ह्यांतील निवडीची पुढील कार्यवाही रखडली. अन्य संवर्गांतील नियुक्त्यांचीही तीच गत झाली. या वादामागे एक महत्त्वाचा निर्णय होता: २२ एप्रिल २०२० रोजी घटनापीठाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले होते.

येथे उमेदवारांच्या व्यक्तिगत अर्जविनंत्यांचे रूपांतर सामूहिक आंदोलनात झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित यांनी नाशिकमध्ये उपोषण केले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ व इतर आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. रखडलेली पेसा भरती ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. त्याच महिन्यात शासनाने पात्र उमेदवारांना मानधन तत्त्वावर, न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून, तात्पुरती नियुक्ती देण्याचा मार्ग स्वीकारला. कायम नियुक्तीचा प्रश्न त्यातून सुटला नाही.

कायदेशीर स्थिती

निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा निर्विवाद हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शंकरसन दाश खटल्यात (१९९१) स्पष्ट केले. मात्र शासनाला मनमानी करता येत नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे. शासकीय कार्यालयाकडून भरतीची स्थिती लेखी मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो. अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते माफ आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. खासगी कंपनीस हा अर्ज करता येत नाही.

दाद मागण्याचे ठिकाण संवर्गावर अवलंबून असते. तलाठी व वनरक्षक ही राज्य शासनाची पदे असल्याने त्यांचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात; जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी मुंबई उच्च न्यायालय हा मार्ग आहे. न्यायाधिकरणाकडे साधारणतः एक वर्षाच्या आत जावे लागते. कार्यालयाकडे वारंवार निवेदने दिल्याने ही मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. एस. राठोड खटल्यात म्हटले आहे.