नव्वद बोल्ट

आमच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, एक हवेचा पंप आणि बिस्किटांचे चार रिकामे पत्र्याचे डबे. त्या डब्यांत शेकडो नट-बोल्ट मिसळलेले असत. गिऱ्हाइकाच्या सायकलचा जुना बोल्ट डाव्या चिमटीत धरायचा आणि उजव्या हातानं डबा चाचपून त्याच्या जोडीचा काढायचा, ही त्यांची पद्धत. मापाची पट्टी कधी पाहिली नाही. कारागिराच्या बोटांनाच डोळे असतात, असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं.

इंग्लंडमधल्या एका चौकशी अहवालाची हकिगत वाचनात आली आणि या समजाला तडा गेला.

10 जून 1990. रविवारची सकाळ. ब्रिटिश एअरवेजचं एक वन-इलेव्हन जातीचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. 81 प्रवासी, 6 कर्मचारी. उड्डाणाला तेराच मिनिटं झाली होती. कॅप्टन टिम लँकेस्टर यांनी खांद्याचे पट्टे सोडले होते, कमरेचा पट्टा सैल केला होता. नायजेल ऑग्डेन नावाचे कर्मचारी चहाचं विचारायला आत आले होते. विमान 17,300 फुटांवर असताना मोठा आवाज झाला आणि कॅप्टनच्या समोरची काच उडून गेली. पाठोपाठ कॅप्टनही. कमरेपासून वरचा देह बाहेर, विमानाच्या टपावर वाऱ्यानं चिकटलेला. पाय आत, चालकाच्या दांड्याशी अडकलेले. ऑग्डेन यांनी झेप घेऊन त्यांची कंबर पकडली.

सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी एकट्यानं विमान खाली आणलं. वाऱ्याच्या गोंगाटात रेडिओवरचं उत्तर ऐकू येत नव्हतं. ऑग्डेन यांचे हात गळून गेल्यावर सहकाऱ्यांनी कॅप्टनचे पाय धरून ठेवले. कॅप्टन गेले, अशीच सर्वांची समजूत झाली होती. तरी सोडलं नाही; शिवाय सोडलं तर देह पंखावर किंवा इंजिनावर आदळण्याची धास्ती होतीच. वीसेक मिनिटांनी विमान साउथॅम्प्टनला उतरलं. लँकेस्टर जिवंत होते! हाताची हाडं मोडलेली, थंडीनं कातडी बधिरलेली, पण जिवंत. पाच महिन्यांच्या आत ते पुन्हा विमान चालवू लागले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, तिच्यावर चित्रफितीही निघाल्या आहेत. मला अडकवून ठेवलं ते त्याआधीच्या रात्रीनं.

त्या रात्रीकडे वळण्यापूर्वी घरातला प्रेशर कुकर आठवा. एका प्रकारच्या कुकरचं झाकण आतून बसतं. वाफेचा जोर वाढेल तसं ते आणखी घट्ट होतं. दुसऱ्याचं झाकण बाहेरून बसतं आणि सगळी भिस्त खाचांवर. उंचावरच्या विमानात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दाट ठेवावी लागते, म्हणजे विमान हाही एक कुकरच. बऱ्याच विमानांच्या काचा आतून बसवलेल्या असतात. या विमानाची पुढची काच मात्र बाहेरून बसवायची होती. तिला धरून ठेवायला होते नव्वद बोल्ट.

काच बदलली गेली ती उड्डाणाच्या 27 तास आधी, पहाटेच्या सुमारास. हाताखाली माणसं कमी, म्हणून रात्रपाळीच्या प्रमुखानं काम स्वतःच अंगावर घेतलं. बऱ्याच दिवसांनंतरची त्याची ती पहिली रात्रपाळी होती. जुने बोल्ट झिजलेले दिसले, तेव्हा त्यानं तसेच नवे बसवायचं ठरवलं. स्टोअरमधल्या माणसानं या काचेला कोणत्या क्रमांकाचे बोल्ट लागतात ते सांगितलंही होतं. पण जुने बोल्ट तर इतके दिवस टिकले होते, मग तेच चांगले, असा त्याचा हिशेब. स्टोअरमध्ये ते पुरेसे नव्हते. तो गाडी काढून विमानतळाच्या दुसऱ्या भागातल्या साठ्याकडे गेला. तिथं उजेड बेताचा. सुट्या भागांची छापील यादी उघडली नाही, बारीक अक्षरांसाठीचा चष्मा डोळ्यांवर नव्हता. जुना बोल्ट हातात धरून नजरेनं आणि बोटांनी त्यानं जोडीचे निवडले.

हुबेहूब अब्बा.

त्यानं निवडलेले 84 बोल्ट जाडीला 0.026 इंचानं कमी भरले. म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी. आट्यांमधलं अंतर सारखंच असल्यानं ते फिरवताना बसल्यासारखे वाटले. त्यांची डोकी खोलगट जागेत जरा जास्त रुतली होती. पण फळीवरून ताणून काम करताना त्याचाच हात आड येत होता. उरलेले सहा जाडीला बरोबर होते, लांबीला कमी. खरी मेख पुढेच आहे: आधीच्या काचेचे बोल्टसुद्धा चुकीचेच होते, जाडीला नीट पण लांबीला तोकडे. त्याच चुकीची तंतोतंत नक्कल झाली असती, तर विमान बहुधा सुखरूप उडत राहिलं असतं.

वृत्तात एक मात्रा कमी पडली तर मैफलीत कुणीतरी खाकरतं, एवढंच. आम्हा कवींचं बरं चालतं.

या माणसाला मूर्ख किंवा आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याला खोळंबा नको होता, विमान वेळेवर हवं होतं. अशी माणसं तर आपल्याला आवडतात. काम त्यानंच केलं आणि पूर्ण झाल्याची सहीही त्याचीच, कारण दुसऱ्यानं तपासायलाच हवं अशा कामांच्या यादीत ही काच नव्हती. चौकशी करणाऱ्यांनी या सहीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं.

काचेच्या बाबतीत इंग्लंडला धडा नवा नव्हता. 1954 साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं तीन महिन्यांच्या अंतरानं भूमध्य समुद्रावर फुटली. फार्नबरोला तिसरं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला-उतरवला, तेव्हा खिडकीसारख्या चौकटीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला. कोपऱ्यांवर ताण साठतो हे त्यातून पक्कं झालं.

आज प्रवाशांच्या खिडकीची बाहेरची काच काच नसतेच, ते अ‍ॅक्रिलिक नावाचं प्लॅस्टिक असतं. ते आधी पाण्यानं धुऊन काढायचं, मग बोटांतल्या अंगठ्या उतरवून, साबणाच्या पाण्यात उघड्या हातानं मळ सोडवायचा. कोरडं फडकं फिरवलं की धूळच ओरखडे पाडते. तिरप्या उजेडात धरल्यावर केसासारख्या भेगांचं जाळं दिसतंय का, ते पाहायचं. वैमानिकासमोरच्या काचेत थर असतात आणि ती गरम ठेवणारी वीजही. तिथं थर सुटलेत का, कडेनं ओल शिरली का, हे पाहावं लागतं. 14 मे 2018 रोजी चीनमधल्या सिचुआन एअरलाइन्सच्या विमानाची उजवी काच सुमारे 9,800 मीटरवर फुटली आणि सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. कॅप्टन ल्यू च्वानच्यान यांनी चेंगदूला विमान उतरवलं. ओल आत शिरून तारेपाशी ठिणग्या उडाल्या, असं चौकशीत निघालं.

आणि 4 ऑक्टोबर 2023 चं लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडचं प्रकरण तर आपल्या मुंबईकरांना जवळचं वाटेल. आदल्या दिवशी उभ्या विमानावर चित्रीकरणाचे प्रखर दिवे कित्येक तास रोखले होते. उष्णतेनं खिडक्या वाकड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी विमान उडालं; आत थंडी आणि आवाज नेहमीपेक्षा जास्त. पट्टे सोडायची खूण झाल्यावर एक कर्मचारी उठून मागे चालत गेला. एका खिडकीभोवतीचं रबर फडफडत होतं. त्यानं ते पाहिलं आणि वैमानिकांना जाऊन सांगितलं. विमान परत फिरलं. खाली उतरल्यावर मोजलं, तर दोन खिडक्यांच्या काचा जागेवर नव्हत्या.