सिकलसेल, जनुकाची कात्री आणि आपला विदर्भ

सिकलसेल म्हटलं की आमच्या बीबीकडे लोक "ते तिकडचं, गडचिरोली-मेळघाटातलं दुखणं" म्हणून मोकळे होतात. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. म्हणजे विदर्भाचं हे दुखणं कागदावर येऊन ६५ वर्षं उलटून गेली. दोष केवढा? हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका अक्षराचा. भोग मात्र जन्मभराचा.

मग २०१२ साल आलं. डाउडना आणि शार्पेंटिए या दोघींनी क्रिस्पर नावाची जनुकाची कात्री दाखवली, २०२० मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण ही कात्री कधीकधी भलत्याच जागी चालते. माणसाच्या पेशीत हे परवडत नाही.

यावर २०१३ मध्ये अमेरिकेत फेंग झांग यांच्या प्रयोगशाळेने तोड काढली. कात्रीचं एक पातं बोथट केलं. आता ती डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच कापते आणि तेवढी चीर पेशी बिनचूक सांधते. समोरासमोरच्या धाग्यांवर, जवळजवळ, अशा दोन कात्र्या लागल्या तरच पुरता तुकडा पडतो. तो सांधताना पेशी अक्षरं गाळते किंवा घुसडते, आणि जनुक बंद पडतं. बँकेच्या लॉकरसारखंच, दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. चुकीचे काप यामुळे ५० ते १५०० पटींनी घटले, असं त्या प्रयोगांत दिसलं.

आता कुणी विचारेल, जनुक बिघडवून आजार कसा बरा होईल? तर गर्भात असताना आपल्याकडे वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर बीसीएल-११-ए हे जनुक ते दाबून टाकतं. रक्त तयार करणाऱ्या पेशींत या जनुकाचा ताबा मोडला, की ते जुनं हिमोग्लोबिन परत येतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्य केलेलं 'कॅसजेव्ही' हेच करतं. त्यात जोडकात्री नाही, साधीच कात्री आहे. म्हणून भलत्या जागी काप पडला का, याची तपासणी तिथे कळीची ठरली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर!

आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेची 'बिरसा १०१' ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलंय. नाव बिरसांचं दिलंय, तर किंमतही बिरसांच्या लेकरांना झेपेल अशीच हवी. चाचण्यांचे निकाल लोकांसमोर मांडले पाहिजेत, तेही मराठीत.

तोवर हातातलं तरी करू. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के धोका असतो. एक रक्ततपासणी लग्नाआधीच हे सांगते. आपण पत्रिका बघतो, सोन्याचे तोळे मोजतो, मग हा कागद का नको? आणि ग्रामीण रुग्णालयात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या बारा महिने मिळतात का, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा. कात्री येईल तेव्हा येईल, गोळी आज पाहिजे.