बंदूक नेमकी कशात असते?

गेल्या मार्गशीर्षात पुतण्याचा पेनसिल्व्हेनियाहून फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर तो म्हणाला, "काका, आपल्या माळ्यावर पणजोबांच्या भरमारीचा दस्ता होता, तो आहे का अजून?"

आहे, म्हटलं. का रे?

तर हा गडी तिकडे स्वतःची रायफल जुळवत होता. आयुष्यातली पहिली. हरणांच्या शिकारीचा तिथला हंगाम, कचेरीतले मित्र जातात, म्हणून यालाही नाद लागलेला. तयार रायफल दुकानात मिळते, पण हौशी माणसे सुटे भाग घेऊन घरच्या बाकावर ती उभी करतात, असे त्याच्याकडूनच कळले. "आधी काडतूस ठरवायचं काका, मग त्याला झेपेल अशी कळ, मग नळी. लाकूड सगळ्यात शेवटी." कळ त्याला जुन्या माउझरची मिळाली होती, नळी कुणाकडून तरी नवी बसवून घेतली होती. लाकडापाशी आल्यावर त्याला पणजोबा आठवले. त्यांचा दस्ता तासून बसवता आला तर घराण्याची बंदूक होईल, अशी त्याची कल्पना.

मी "बघून सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या "बघून सांगतो"ला उत्तर द्यायला मला पाच महिने लागले. त्यातून हा लेख झाला.

आधी त्या लाकडाविषयी. आमचे गाव जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वावरात रानडुकरे आणि रोही पूर्वीही येत, आजही येतात. आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी भरमार होती. तिचा मूळ दस्ता मनगटापाशी तडकला, तेव्हा गावच्या सुताराने दुसरा करून दिला आणि जुना माळ्यावर गेला. ही गोष्ट स्वातंत्र्याआधीची. आबा गेल्यावर वडिलांनी परवाना पुढे चालवला नाही आणि बंदूक ठाण्यात जमा केली. तिची पावती आमच्या ट्रंकेत आहे. पावतीवर नळीची लांबी आहे, नळीवरचा नंबर आहे. लाकडाचा उल्लेख नाही.

दस्ता मला लहानपणापासून शिसवी वाटे. आमच्या आताच्या सुताराने नखाने खरवडून, वास घेऊन सांगितले, तिवस आहे. नांगर-वखराला, गाडीच्या सामानाला आमच्याकडे जे लाकूड वापरत, तेच बंदुकीला. कठीण, चिवट आणि हाताशी असलेले. कुणी अक्रोड शोधायला काश्मीरला गेले नव्हते.

पावतीतला तो नळीचा नंबर मला छळू लागला. बंदूक म्हणजे नेमका कोणता भाग? आपली भाषा तर सरळ नळीच्या बाजूने आहे. एकनळी, दुनळी असे आपण म्हणतो. पुतण्याच्या हातात मात्र नळी होती, कळ होती, तरी त्याच्या लेखी बंदूक अजून झालीच नव्हती.

या प्रश्नाचे सर्वांत जुने लेखी उत्तर मला अबुल फजलच्या आइन-इ-अकबरीत मिळाले. अकबराला बंदुकांचा शौक होता आणि त्याच्या कारखान्यात नळी कशी होई याचे वर्णन आइनात आहे. लोखंडाची पट्टी कागदाच्या सुरळीसारखी तिरकी गुंडाळायची, कडेला कड न जोडता थरावर थर येऊ द्यायचा आणि भट्टीत हळूहळू तापवत एकजीव करायची. याआधीच्या सांधलेल्या नळ्या फुटत आणि चालवणाऱ्याच्याच जिवावर बेतत. नव्या रीतीने तो धोका कमी झाला. त्याहून मला गंमत वाटली ती नोंदवहीची. कच्चे लोखंड किती, तयार झाल्यावर किती उरले, लोखंड कुठले, कारागीर कोण, कुठे आणि केव्हा घडली, हे सारे प्रत्येक बंदुकीच्या नावे लिहिले जाई. आमच्या ट्रंकेतल्या पावतीची ही खापरपणजीच. बादशहाच्या आवडत्या बंदुकीचे नाव संग्राम. चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड तिच्याच गोळीने पडला, असे अबुल फजल सांगतो.

याच आइनात आपला जिल्हाही आहे. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे आले आणि सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकार, लोणार यांची नोंद झाली. लोणारच्या विवराला आपण आज उल्केसाठी ओळखतो. अबुल फजलला तिथे दिसले ते उत्पन्न. काचेला आणि साबणाला लागणारा सारा माल तिथल्या डोंगरात मिळतो, सोऱ्याचे कारखाने आहेत आणि त्यांवरच्या करातून सरकारला चांगली रक्कम येते, असे तो लिहितो. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचा मुख्य जिन्नस. सरोवरातला दल्ला आणि पापडी हे क्षार वेगळे, ते धुण्याला आणि काचेला. पण सोऱ्यामुळे बंदुकीचा निम्मा इतिहास आमच्या घरापासून दिवसभराच्या वाटेवर निघाला. पुतण्याने सांगितलेल्या क्रमातही पहिले काडतूसच होते, म्हणजे दारू आणि गोळी. बाकी सगळे त्याभोवती.

मग कळ. इथे कोकण आणि वऱ्हाड यांत फरक पडतो. जुनी बंदूक तोड्याची. चाप दाबला की पेटता तोडा खाली येऊन रंजकीला, म्हणजे कानाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूला, भिडतो. यात स्प्रिंग नाही किंवा नावापुरती. गावचा लोहार ती करू शकतो, मोडली तर सांधू शकतो. चकमकीच्या कळेत गार पोलादावर जोराने आपटावी लागते, त्यासाठी चांगल्या पोलादाची ताठ स्प्रिंग हवी, आणि ती भात्यावर सहज होत नाही. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे की शिवकाळातल्या कोकणी हेटकऱ्यांमध्ये काहींजवळ चकमकीच्या बंदुका होत्या, कारण ती कळ समुद्रावरच्या गोऱ्यांकडून तिकडे लवकर आली. घाटावर, आमच्या बाजूला, तोडा पुढेही दीर्घकाळ टिकला. त्याला मागासलेपणा म्हणायची रीत आहे. मला ते पटत नाही. ज्या बंदुकीचा प्रत्येक भाग पाच कोसांच्या आत दुरुस्त होतो, ती शेतकऱ्याने का टाकावी?

टाकायला लावले ते टोपीने. एकोणिसाव्या शतकात तोडाही गेला, गारही गेली, आणि घोड्याखाली तांब्याची बारीक टोपी आली. पावसात चालणारी, सोपी, खात्रीची. आबांची भरमार याच जातीची होती. पण टोपी लोहार करत नाही, ती दुकानातून आणावी लागते. नळी घरची, लाकूड घरचे, आणि बार मात्र विकतच्या टोपीवर. सरकारला बंदुकीवर हात ठेवायचा तर आता गावोगाव हिंडायला नको, दुकानावर नजर ठेवली की पुरे.

कायदा त्यानंतर आला. वऱ्हाडची अवस्था तेव्हा विचित्र होती. १७२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामाने मुबारिजखानाला मारले आणि दख्खन त्याचे झाले. १८०३ मध्ये जिल्ह्याच्या दोन बाजूंना, असई आणि अडगाव इथे, मराठी फौजा इंग्रजांपुढे हरल्या. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. म्हणजे मुलूख कागदावर निजामाचा आणि अंमल इंग्रजांचा. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे गव्हर्नर जनरलच्या हुकमाने लागू होत.

लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा मी वाचला तो एका प्रश्नासाठी, की यात बंदूक कशाला म्हटले आहे? व्याख्या लांबलचक आहे. त्यात संगिनी, तलवारी, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाणसुद्धा आहेत. आणि मग दोन गोष्टी येतात. शस्त्रांचे सुटे भाग, आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रे. माझ्या मते या कायद्याचे मर्म तिथे आहे. परवाना, दंड, युरोपियनांना दिलेली सूट यांवर तेव्हाही पुष्कळ ओरड झाली. सुट्या भागांवर कुणी फारसे बोलले नाही. पण गावच्या लोहार-सुताराच्या हातून बंदूक गेली ती त्या शब्दांनी. नळी घडवणारा, कळ सांधणारा माणूस आता शस्त्र बनवणारा ठरत होता, आणि त्याला परवाना हवा होता.

भागांच्या निवडीत कायदा हात घालतो ते साहेबांनाही चुकले नाही. १९०७ मध्ये सरकारने .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीचे माप तेच, आणि तिच्यासाठी लागणारी गोळी बंडखोरांच्या हाती पडेल ही धास्ती. लंडनच्या कारखानदारांनी काय करावे? .४६५, .४७०, .४७५ अशी मापे बाजारात आणली. वाघ तोच, हत्ती तोच, फक्त नळीचे भोक कायद्याच्या बाहेर सरकले. त्याच वर्षी चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तिच्यावर नाव लंडनचे, पण कळ जर्मन माउझरची आणि काडतूसही माउझरचेच, फक्त इंग्रजी मापाने मोजलेले. आपल्याकडच्या सर्वांत गाजलेल्या शिकारी रायफलीची ही जुळवाजुळव पाहिली आणि पुतण्याच्या बाकावरच्या पसाऱ्याकडे मी जरा आदराने पाहू लागलो. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफलही याच खटपटीतली. लष्कराचे .३०३ सामान्यांना नको, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या काडतुसाचा आधार घेतला.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला. तलवारी-भाल्यांवरचा जाच बराच कमी झाला, पण सुटे भाग आणि यंत्रे व्याख्येत राहिली. कलम ५ मध्ये तर बनवणे, विकणे यांच्या जोडीला दुरुस्तीही आहे. आबांचा सुतार सुटला तो काळामुळे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याला किमान सात वर्षे कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शेतकऱ्याची आठवण मात्र कायद्याने ठेवली. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्यानंतर १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली. उपद्रवी जनावर मारायलाही आता त्या कायद्याची परवानगी लागते. म्हणजे बंदुकीला एक कागद आणि रोह्याला दुसरा. आमच्याकडे दोन्ही कागद असलेला शेतकरी मी पाहिलेला नाही. वरणगावच्या कारखान्यात, मलकापूरहून तासाभराच्या अंतरावर, १९६४ पासून काडतुसे बनतात. वावरात मात्र आम्ही पत्र्याचे डबे वाजवतो.

अमेरिकेत हिशेब वेगळा. १९६८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक मानली ती कळेचा मधला सांगाडा. नंबर त्यावर. नळी, लाकूड, चाप हे सुटे सामान, चहाच्या किटलीसारखे विकत घ्यावे. विकण्यासाठी नसेल तर आपल्यापुरती रायफल जुळवायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे. अबुल फजलला बंदूक नळीत दिसली, अमेरिकेला सांगाड्यात, आणि आपल्या कायद्याला ती प्रत्येक तुकड्यात दिसते.

मग माळ्यावरचा दस्ता? इतकी वर्षे आम्ही शस्त्र घरात ठेवून होतो की काय, या विचाराने एक रात्र झोप लागली नाही. उत्तर कलम ४५ मध्ये सापडले. शस्त्राचे किरकोळ भाग जवळ असणे कायद्याच्या बाहेर ठेवले आहे, पण एका अटीवर. ते भाग, त्यांना पूरक असलेल्या, स्वतःजवळच्या किंवा दुसऱ्या कुणाजवळच्या भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसावा.

दुसऱ्या कुणाजवळच्या. मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. तिवसाचा तो तुकडा माळ्यावर पडून आहे तोवर लाकूड. पुतण्याच्या नळीसाठी मी तो खाली उतरवला, पुसून बांधला, की त्याच क्षणी तो माझ्या हातात बदलतो. टपालात टाकण्याची, निर्यातीच्या परवान्याची गोष्ट तर पुढची. मी वकील नाही, न्यायालय कदाचित हसेलही. पण लिहिलेले आहे ते हे.

चैत्रात त्याला फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "काका, लाकूडच आहे ना ते?"

म्हटलं, "तू मागेपर्यंत होतं."

तो हसला. पण नाराज झाला, ते आवाजात कळले. पणजोबांना त्याने पाहिलेले नाही, त्यांचे म्हणून त्याला हाताळता येण्याजोगे दुसरे काही उरलेले नाही. मी विचारले, फोटो पाठवू का? नको म्हणाला. उन्हाळ्यात त्याने तिकडचा अक्रोड घेतला.

दस्ता मी सुताराला दाखवायला खाली काढला होता, तो पुन्हा वर ठेवला, पावतीची ट्रंक शेजारी. या लेखाचा शेवट लिहितो आहे तेव्हा ज्वारी निसवली आहे आणि धाकटा भाऊ बॅटरी आणि सुतळी बॉम्बची पिशवी घेऊन जागलीला निघाला आहे. काल नाल्याकडच्या धुऱ्यावर सात रोही होते.