वेळ नाही म्हणून जन्मलेलं कार्ड

दिवाळीत एकच मेसेज दोनशे जणांना फॉरवर्ड करणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. मीही ठेवतो. पण आजच्या भागाचा नायक, किंवा आरोपी म्हणा, त्यानं हेच काम १८४३ साली लंडनमध्ये करून ठेवलंय.

त्याचं नाव हेन्री कोल. सरकारी नोकर, आणि एका वेळी दहा कामं अंगावर घेणारा माणूस. इंग्लंडात १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, तेव्हा त्या कामात तो रोलंड हिलचा मदतनीस होता. त्याआधी पत्राचं भाडं अंतरावर ठरायचं, आणि बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यालाच भरावं लागायचं. आता अर्ध्या औंसाचं पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागलं. मग काय, पत्रं वाढली! आणि नाताळात आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. कोलच्या टेबलावरचा ढीग काही कमी होईना. म्हणजे बघा, सिस्टीम उभी करायला यानंच हात लावला आणि लोड यायला लागल्यावर पहिला हाच अडकला.

डिसेंबर उजाडला तेव्हा त्यानं जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकार मित्राला गाठलं. मधल्या चित्रात जेवणाच्या टेबलाशी बसलेलं कुटुंब, दोन बाजूंना गरिबांना अन्न आणि कपडे देणारी माणसं. खाली नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. वर कुणाला, खाली कुणाकडून, एवढ्याच जागा रिकाम्या. आमच्या भाषेत सांगायचं तर टेम्प्लेट! (चित्रात लहान मुलीला वाइन पाजतायत म्हणून दारूबंदीवाले खवळले, तो वेगळाच किस्सा.)

जवळपास हजार प्रती काढल्या. छपाई शिळाछापाची, आपल्याकडच्या जुन्या शिळाछाप पोथ्यांसारखी. पण त्यानं फक्त रेषा उमटल्या. रंग? ते प्रत्येक कार्डावर हातानं भरले. कोलचा वेळ वाचला खरा, पण तो हवेतून आला नाही. कुणीतरी दिव्याखाली बसून तीच लाल-निळी कपडेपट पुन्हा पुन्हा रंगवली असणार.

म्हणूनच किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. तिकीट एक पेनीचं, कार्ड बारा पेनींचं! त्याच डिसेंबरात डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आलं. त्यातला कारकून बॉब क्रॅचिट आठवडाभर राबून १५ शिलिंग कमावतो. तो कशाला कार्डं घेतोय? बाजूच्या चित्रांत गरिबांचा उमाळा आहे, पण हे कार्ड गरिबाला परवडणारं नव्हतं. मला हा भाग जरा खटकतो.

तसं घरी हातानं शुभेच्छा करायची रीत कोलच्या आधीचीच. शाळकरी मुलं ‘ख्रिसमस पीस’ करायची. छापील नक्षीची चौकट असलेला मोठा कागद आणायचा, आत सुवाच्य अक्षरात मजकूर लिहायचा आणि सुट्टीत घरी दाखवायचा. फीचे पैसे वाया गेले नाहीत याचा पुरावाच तो! पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली तशी फुलं, पक्षी, देवदूत यांची कापीव चित्रं मिळू लागली. ‘स्क्रॅप’ म्हणत त्यांना. बायका आणि मुलं ती वह्यांत आणि कार्डांवर खळीनं चिकटवत बसायची. १८७० मध्ये कार्डाचं टपाल अर्ध्या पेनीवर आलं आणि छापील कार्डंही घरोघर पोचली.

मग फॉरवर्डवाले निर्दोष का? माझ्या मते कोल अर्धा तरी सुटतो, कारण नावं लिहायला त्याला लेखणी उचलावी लागत होती.

आणि हॉर्स्ली? त्यानं त्याच छापील कार्डाची एक प्रत कोललाच पाठवली. मित्राचं नाव घातलं, चार गमतीच्या ओळी खरडल्या. सहीच्या जागी मात्र नाव नाही. तिथं त्यानं स्वतःचंच इवलंसं चित्र काढलं.