दुधाचे दात : मुंबई उपनगरांतील मुलांची दंतनिगा

दुधाचे दात : बाळाच्या साधारण सहाव्या महिन्यापासून उगवणारे आणि सहाव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान पडून जाणारे वीस दात. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे, दोन सुळे व चार दाढा अशी त्यांची मांडणी असते. अडीच-तीन वर्षांपर्यंत हा संच पूर्ण होतो. प्रस्तुत नोंदीत या दातांची निगा आणि मुलांचे खाणे, झोप व शाळा यांच्याशी असलेला तिचा संबंध मुंबई उपनगर जिल्ह्याच्या संदर्भात दिला आहे. हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. त्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात.

दात येण्याभोवती घरोघरी अनेक समज आहेत. वरचे दात आधी आले तर मामाला जड, ही भीती निराधार आहे. दातांचा क्रम मुलागणिक थोडाफार बदलतोच. दात येताना जुलाब व्हायचेच, हा समज मात्र धोक्याचा आहे. त्या वयात मूल रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि जुलाब होतात ते त्यातून झालेल्या संसर्गाने. दातांचे म्हणून ते अंगावर काढले तर बाळाच्या शरीरातले पाणी कमी होते. वेळेवर ओआरएस पाजणे आणि डॉक्टरांना दाखवणे हाच त्यावरचा उपाय.

या सर्वांहून अधिक नुकसान करते ते एक वाक्य : ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.’ मूल सहा-सात वर्षांचे असताना पुढचे दात हलू लागतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला आणखी सहा-सात वर्षे भाकरी चावायची असते. या दातांवरचे कवच, म्हणजे एनॅमल, कायमच्या दातांच्या साधारण निम्म्या जाडीचे असते. त्यामुळे कीड लागली की आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात, आणि खालून येणारा कायमचा दात वेडावाकडा येतो किंवा अडकून बसतो.

कीड कशी लागते : दातांवर जिवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. खाण्यातली साखर आणि तोंडात विरघळणारा मैदा-स्टार्च यांपासून हे जिवाणू आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम व फॉस्फेट झिजू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेले क्षार काही अंशी परत भरते, पण त्यासाठी तिला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्ले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जेवणासोबत एक आख्खा लाडू खाणे परवडते. दुपारभर येता-जाता एकेक बिस्किट खाणे परवडत नाही.

उपनगरातल्या मुलाचा दिवस पाहिला तर ही येता-जाता खाण्याची वाट स्पष्ट दिसते. सकाळी चहात किंवा दुधात बुडवलेले बिस्किट, छोट्या सुट्टीत क्रीमचे बिस्किट, मोठ्या सुट्टीत डबा, शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर बर्फाचा गोळा किंवा प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला, मग क्लासला जाताना हातात काहीतरी, आणि रात्री झोपताना चॉकलेटची पावडर घातलेले दूध. बिस्किट या भागाच्या अंगवळणी पडलेले आहे : विलेपार्ल्यात १९२९ मध्ये पार्लेचा कारखाना उभा राहिला, १९३९ पासून तिथे बिस्किटे होऊ लागली, आणि २०१६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत स्टेशनवर उतरणाऱ्याला भाजत्या बिस्किटांचा वास येत असे. बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत चिकटून बसतो, ही त्याची खरी अडचण. फाटकाबाहेरच्याच टोपलीतले पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा दातांना कितीतरी सोसणारे आहेत.

रात्रीचा ब्रश : झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे दिवसभरात एकच वेळ नीट सांभाळायची असेल तर ती रात्रीची. आपल्याकडे मात्र दात घासणे हा सकाळचा विधी आहे. तोंड धुवायचे, मग चहा. चर्चगेटहून रात्री आठ-साडेआठची बोरिवली लोकल गाठणाऱ्या आईबापांच्या घरी जेवण साडेनऊ-दहाला होते. तोवर मूल पेंगुळलेले असते, त्याला उठवून बेसिनपाशी उभे करायचे कोणाच्याही जिवावर येते. आजी-आजोबा किंवा पाळणाघरातल्या मावशींकडे दिवस गेलेला असतो, आणि उशिरा परतलेल्या आईला रात्रीचे गोड दूध हीच लाड करायची एक जागा उरते. हे प्रेम समजण्यासारखे आहे, म्हणूनच उपायही त्याच प्रेमाला धरून हवा : दूध जेवणासोबत, बिनसाखरेचे, मग ब्रश, त्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. मूल आजीकडेच लवकर जेवत असेल तर ब्रशही तिथेच ठेवावा.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला दाढांच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचण्याचे कसब आलेले नसते. ब्रश त्याच्या हाती जरूर द्यावा, पण नंतर मोठ्याने एकदा फिरवावा. मुलाच्या मागे उभे राहायचे, त्याचे डोके आपल्या पोटाशी टेकवायचे, एका हाताने गाल बाजूला धरायचा आणि दुसऱ्या हाताने हिरडीच्या कडेपासून घासायचे. दोन मिनिटे पुरतात. तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट घ्यावी. जाहिरातीत दिसतो तसा ब्रशभर पट्टा लहान मुलाला नको, कारण ते पेस्ट गिळते.

बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाची कीड ओळखता येते. वरचे चार पुढचे दात आधी जातात, खालचे मात्र जीभ व लाळ यांच्या आडोशाने वाचतात. बोटाने बाळाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निशने आणि सवय बदलून दात वाचू शकतो. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की भरणे, नसेचे उपचार, स्टीलची टोपी हा मार्ग सुरू होतो. चोखणीला मध लावणे, बाळगुटी मधातून चाटवणे, खोकल्याचे गोड सिरप ऐन झोपताना देणे यांचाही याच कारणाने विचार करावा. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

दुखरी दाढ आणि मुलाचे वागणे : लहान मूल ‘दाढ दुखते’ असे सहसा सांगत नाही. ते एका बाजूनेच चावते, घास गालात धरून बसते, भाकरी आणि चिवडा टाळून वरणभातच मागते, थंड पाण्याला तोंड वाकडे करते. आडवे झाल्यावर दाढेतला ठणका वाढतो, म्हणून रात्री उठून रडते आणि सकाळी वर्गात पेंगते. घरात त्याला ‘जेवायला नखरे करतो’ आणि शाळेत ‘लक्ष नाही’ असे म्हटले जाते. पुढचे दात काळे पडलेली मुलगी फोटोत तोंड मिटून घेते. अशा मुलाला हट्टी ठरवून ओरडा बसतो, तो अन्याय आहे. जेवणाच्या तक्रारीवर टॉनिक आणण्याआधी त्याचे तोंड उघडून बघायला हवे.

साधने : राखुंडी, कडुनिंब-बाभळीच्या काड्या, काळी मंजने ही मागच्या पिढ्यांची साधने. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळच्या घरातून सुरू केलेल्या विकोची वज्रदंती मराठी घरांत दीर्घकाळ राहिली. कोकणातून व घाटावरून आलेल्या कुटुंबांत बायका मशेरी लावत. ही भाजलेली तंबाखू असून तिने व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आजीचे पाहून नातही बोट फिरवते, ही मशेरीची सर्वात वाईट बाजू. तंबाखूयुक्त दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी मात्र त्या बंदीच्या आवाक्याबाहेर राहिली.

मुंबईचे पाणी विहार, तुळशी, तानसा, भातसा, वैतरणा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांतून येते. अशा पाण्यात दातांचे कवच टिकवणारे फ्लोराइड सहसा अल्प असते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलातल्या जादा फ्लोराइडने दातांवर डाग पडतात. ती अडचण तलावाच्या पाण्याची नाही. म्हणून इथल्या मुलांना फ्लोराइडयुक्त पेस्ट लागते. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा १,००० पीपीएम आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेले असते. खरेदी करताना कार्टूनच्या चित्राऐवजी तो आकडा पाहावा.

सहाव्या वर्षाची दाढ : सर्व दुधाच्या दाढांच्या मागे सहाव्या वर्षाच्या आसपास चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे त्या दुधाच्याच समजल्या जातात आणि किडल्या तरी दुर्लक्ष होते. त्या कायमच्या असतात. त्यांच्या खोल खाचा सीलंटने बुजवून घेता येतात.

मार लागल्यास : सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाला हात न लावता उचलावा, थंड दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्यावा, तो परत बसू शकतो. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

सेवा : भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाली. त्यातील तपासणीत दातांच्या विकारांचा समावेश आहे. राज्याच्या स्वच्छ मुख अभियानासाठी ३० मे २०२३ रोजी सचिन तेंडुलकर सदिच्छादूत झाले. जनजागृती त्यामुळे वाढते; उपचाराची सोय अजून लांब आहे. शासकीय दंत महाविद्यालय (१९४५) फोर्टात आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय (१९३३) मुंबई सेंट्रलला, म्हणजे दोन्ही शहर भागात. घाटकोपरचे राजावाडी किंवा जुहूचे कूपर रुग्णालय जवळ असले तरी एका दाढेच्या उपचाराला अनेक खेपा लागू शकतात, आणि प्रत्येक खेपेला मुलाची शाळा बुडते व रोजंदारीवरच्या आईचा खाडा होतो. शाळेत तपासणी करून चिठ्ठी देणे यामुळेच अपुरे पडते. फ्लोराइड वार्निश लावायला मिनिटे लागतात, त्यासाठी खुर्ची वा वीज लागत नाही, आणि वर्षातून दोनदा लावले तरी कीड कमी होते. महापालिकेच्या बालवाड्यांत आणि पहिलीच्या वर्गांत ते तिथल्या तिथे लावता येण्याजोगे आहे.