रस्ते हाही वारसाच

१८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन आपला वर्धा जिल्हा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये इंग्रजांनी पालकवाडीची घरं पाडून तिथं सरळ, रुंद रस्त्यांचं शहर आखलं. तेच आपलं वर्धा.

पर्यटक सेवाग्रामची बापूकुटी पाहून परततात. शहराची आखणी कोणी बघत नाही, आपणही नाही. ओटे, टपऱ्या, गाड्या रस्त्यावर सरकतच आहेत.

मोकळ्या जागेची किंमत संकटात कळते. १९९३ मध्ये किल्लारीला दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. आपल्याकडे भूकंपाचा धोका कमी, मान्य. पण धरणी हललीच तर पळायला जागा अन् रुग्णवाहिकेला वाट लागेलच ना?

मी म्हणतो, वारसा यादीत हे रस्तेही लिहा. पालकवाडीनं त्यासाठी घरं दिली आहेत.